शेपूट नसलेली गाडी

चिपळूणहून बारामतीला माणसं फिरायला जात नाहीत. मी गेले ती दुसऱ्याच्या घरची गाडी निवडायला, तीसुद्धा रजा टाकून आणि स्वतःच्या पेट्रोलवर. माझा नवरा म्हणाला, "वर्षभर गाड्या विकतेस, आणि सुट्टीत गाड्या बघायला जातेस. डॉक्टरला दाखव." त्याचं चुकलं नव्हतं, पण मी ऐकलं नाही.

कारण होतं संदीप. मी ज्या शोरूममध्ये गाड्या विकते, तिथे तो दुरुस्तीचा विभाग सांभाळतो. मूळचा इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याचा. त्याच्या वडिलांना गाडी घ्यायची होती आणि याला रजा मिळत नव्हती. "मॅडम, तात्या माझं ऐकत नाहीत, मी पडलो मुलगा," तो म्हणाला. "तुम्ही परक्या. परक्याचं ऐकतील. आणि तुमचं तोंड एकदा सुरू झालं की कोणीही ऐकतं." ही स्तुती होती की काय, ते मी विचारलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. गाडी आपल्या सगळ्यात वाईट रस्त्याकडे बघून घ्यावी, आणि चालवणाऱ्याच्या मापाची घ्यावी, मागे बसून मिरवणाऱ्याच्या मापाची नव्हे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. त्यातून छोट्या गाड्या जास्त खपतात, म्हणून आमचे मॅनेजर माझ्यावर फारसे खूश नसतात.

बारामती

ज्याने कुंभार्ली घाटात हात बसवला, त्याला बारामतीचे रस्ते बघून संशय येतो. इतका रुंद, इतका सरळ रस्ता असू शकतो यावर माझा विश्वासच बसेना. वळण कुठेतरी लपवून ठेवलं असणार, असं धरून मी उगाच गाडी हळू चालवत होते आणि मागचे लोक हॉर्न देत होते. आमच्याकडे घाट चढणाऱ्याला आधी वाट द्यायची रीत आहे. इथे चढच नाही, त्यामुळे रीत वेगळी: ज्याची गाडी मोठी, त्याची वाट आधी. चौकात दोनदा मी माझी जुनी छोटी गाडी घेऊन मुकाट्याने थांबले आणि मनातल्या मनात चिपळूणच्या भाषेत बोलले.

तात्या शोरूमच्या दारातच उभे होते. पांढरा सदरा, टोपी, डोळ्यांवर काळा गॉगल. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली होती, हे संदीपने सांगितलं होतं. शेजारी त्यांचा पुतण्या अविनाश, ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवणारा, हसरा आणि घाईतला. आणि दोघांच्या मागे, पदर सावरून उभ्या असलेल्या शालनकाकू, संदीपची आई.

"म्याडम, ठरलंय म्हना की," तात्या म्हणाले. "ही पांढरी. सात शिटांची. तुमी फकस्त इंजान बघा."

गाडी खरोखर डोंगराएवढी होती. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी गाडीखाली वाकून गंजाचं विचारतं, कारण खारं वारं पत्रा खातं. इथली परीक्षा निराळी. तात्या आधी टोपीसकट मागच्या सीटवर बसले आणि टोपी छताला लागते का ते पाहिलं. मग डिकी उघडून पेंडीचं पोतं उभं मावेल का, ते हाताने मापलं. शेवटी बॉनेटवर थाप मारली, बाजारात बैल घेताना मारतात तशी. शोरूमचा माणूस इंजिनाचे आकडे सांगत राहिला, ते कोणीही ऐकलं नाही.

"उंचच का पाहिजे, तात्या?" मी विचारलं.

"ऊस उभा आसला की खालच्या गाडीतनं काय दिसतंय?"

"ऊस तुमच्या या गाडीपेक्षाही उंच असतो. तिथे हॉर्न लागतो, उंची नाही."

तात्यांनी माझ्याकडे गॉगलमधून पाहिलं. "संदीप म्हनला हुता, बाई बोलती म्हनून," एवढंच ते म्हणाले, पण ओठ हलले थोडे.

चालवून बघायला आम्ही माळेगावच्या रस्त्याला लागलो. अविनाश चालवत होता, शोरूमचा माणूस त्याच्या शेजारी, आणि मधल्या सीटवर तात्या, मी आणि काकू. कारखाना सुरू होता, त्यामुळे हवेत मळीचा आंबूस वास आणि रस्त्यावर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. प्रत्येकावर गाणी इतकी मोठ्याने, की मागून हॉर्न देणं म्हणजे समुद्राला हाक मारणं. अविनाश धीटपणे एकेकाला मागे टाकत चालला.

आता माझी एक खोड सांगते. मी गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, पाय बघते. तोंडाने माणूस काहीही सांगतो. पाय खरं बोलतात. आणि त्या दिवशी मला दिसलं की अविनाशने गिअर बदलायच्या आधी, दर वेळी थोडंसं आधीच, काकूंचा डावा पाय चपलेत दाबला जात होता. क्लच दाबावा तसा. पुढे ट्रॅक्टर दिसला की उजवा पाय हळूच ब्रेकवर. तिथे ब्रेक नव्हता, पायपुसणं होतं.

"गाडी चालवणार कोण?" मी मोठ्याने विचारलं.

"अविनाश की," तात्या म्हणाले. "आनखी कोन?"

काकूंनी पाय आखडून घेतले.

अंथुर्णे

संध्याकाळी अंथुर्ण्यात पोचलो. घर रानातच, तिन्ही बाजूंनी ऊस, पुढे मोठं अंगण, डावीकडे गुरांचा गोठा आणि उजवीकडे पाण्याचा सिमेंटचा हौद. मी हातपाय धुवून, चहा पिऊन खाटेवर बसते तोच चाऱ्याने भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर अंगणात आला. चालवणाऱ्याने डोक्याला रुमाल गुंडाळला होता. ट्रॅक्टर थांबला, मग मागे आला आणि हौदाला न शिवता ट्रॉली एका दमात गोठ्याच्या दारात लागली. मी टाळीच वाजवणार होते. रुमाल सोडला तेव्हा कळलं, त्या शालनकाकू होत्या.

"काकू तर पट्टीच्या ड्रायव्हर आहेत," मी तात्यांना म्हणाले.

"त्ये व्हय," तात्या म्हणाले. "रानातनं घरापतुर. माजं डोळं गेल्यापासनं करती. पर त्याला काय गाडी चालवनं म्हनत्यात?"

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, काळ्या मसाल्याचं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी होती. नारळाशिवाय जेवण होऊ शकतं हे मला पुस्तकी माहीत होतं, त्या दिवशी पटलं. मी भाकरीचा तुकडा मोडून वांग्यात बुडवायला गेले तेव्हा काकू हसल्या आणि ती त्यांनी माझ्या ताटात कुस्करून दिली. मग चुलीपाशी बसून आम्ही दोघीच बोललो.

काकूंचं माहेर भिगवणचं. वडील गेले, भाऊ नाही, आई एकटी राहते आणि लेकीकडे यायला तयार नाही. "जावयाच्या दारात बसून कशी ऱ्हाऊ, म्हनती." एसटीने जायचं तर दोन गाड्या बदला. नाहीतर अविनाशला विचारा. "त्यो न्हाय म्हनत न्हाय वो, ताई. चांगलं हाय पोरगं. पर आधी इचारायचं, मग त्याला सवड कदी ते बगायचं, मग गेलं की त्याची घाई. आईजवळ टेकले न टेकले की बाहीर हॉर्न वाजतोय. माजी आई हाय, आन् मला हॉर्नवर उठाया लागतंय."

"लायसन्स आहे का?"

"हाय की. संदीपनं शिकायला घातलं हुतं इंदापूरला. कपाटात हाय, साडीखाली." मग चुलीत काटकी सारत म्हणाल्या, "ती मोठी गाडी आली का मग काय माज्या हाताला लागत न्हाय. ती अविनाशची झाली."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. कितीतरी घरांत मी गाडी विकली आहे जिथे हप्ते सगळ्यांचे आणि चावी एकाची. काकूंना छोटी गाडी मिळाली पाहिजे आणि ती त्यांनी चालवली पाहिजे, हे मी त्या चुलीपाशीच ठरवून टाकलं. तसं बोलूनही दाखवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी सवय.

सकाळी मी माझी चावी त्यांच्या हातात दिली. आम्ही पाटाच्या कडेने निघालो. डावीकडे पाणी, उजवीकडे ऊस, मध्ये गाडीपुरता रस्ता. मी दाराची मूठ घट्ट धरून बसले होते, ती थोड्या वेळाने सोडली. काकू लांबवर बघून चालवत होत्या. खड्डा यायच्या आधी वेग कमी, उसाच्या कोपऱ्यावर हॉर्न, समोरून ट्रॉली आली की मुकाट्याने कडेला. चांगला चालक कोण, असं मला कोणी विचारलं तर मी सांगते: ज्याच्या शेजारी बसून झोप लागते तो. मला डुलकी लागली होती, शपथ.

त्या हुरूपात आम्ही अंगणात शिरलो. तात्या खाटेवर, अविनाश सकाळीच येऊन चहा पीत बसलेला, शेजारचे दोघे-तिघे उसाच्या तोडीच्या गप्पांत. सगळे बघायला लागले. काकूंनी मान ताठ केली. गाडी गोठ्याशेजारी सावलीत लावायची म्हणून त्यांनी रिव्हर्स टाकला, मागे वळून पाहिलं, स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी गोठ्याकडे जायच्या ऐवजी सरळ उलट्या बाजूला हौदावर जाऊन आदळली. लाल काच खळ्ळकन फुटली.

मग काकू खाली उतरून म्हणाल्या, "हौद मधीच आला."

"नाचता येईना, अंगन वाकडं," अविनाश म्हणाला आणि सगळे हसले. तो वाईट मनाने म्हणाला नव्हता. तेच जास्त लागलं.

"झालं मग," तात्या म्हणाले. "घोडामैदान दिसलंच. पांढरी गाडी घ्यायची, अविनाश चालवील. म्याडम, तुमच्या काचंचं आमी भरून देऊ."

काकूंनी चावी माझ्या हातात ठेवली आणि चहा करायला आत गेल्या. काचेचं मला काही वाटलं नाही. चिपळुणात संदीपने दहा मिनिटांत नवी बसवली असती. पण ज्या बाईच्या शेजारी मी डुलक्या काढत आले, तिने मोकळ्या अंगणात गाडी बरोब्बर उलट्या दिशेला का न्यावी, हे मला कळेना. घाबरलेला माणूस थोडा चुकतो, अर्धवट चुकतो. इतकं पुरेपूर कोणी चुकत नाही. दिवसभर मी त्या कोड्याशी झटत बसले, आणि काकू दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

उत्तर संध्याकाळी आपण होऊन अंगणात आलं. पुन्हा चारा, पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा डोक्याला रुमाल. या वेळी मी ट्रॉली बघितली नाही, काकूंचे हात बघितले. ट्रॉली डावीकडे गोठ्यात जायला हवी होती आणि काकू स्टिअरिंग उजवीकडे फिरवत होत्या. उजवीकडे हात, डावीकडे ट्रॉली.

आमच्याकडे भाताची खाचरं. तिथे ट्रॉली वळवायला गेलं तर ती शेजाऱ्याच्या खाचरात पडेल. म्हणून मला हे आयुष्यात कधी बघायलाच मिळालं नव्हतं. मागे ट्रॉली जोडलेली असली की सगळं उलटं होतं. ती ज्या बाजूला न्यायची, त्याच्या विरुद्ध बाजूला चाक फिरवायचं. काकूंनी गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी हेच केलं होतं, आणि सकाळी माझ्या बिचाऱ्या गाडीलाही तसंच मागे घेतलं होतं.

मी धावत गेले. "काकू, तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही ट्रॉली मागे घेतलीत. फक्त माझ्या गाडीला ट्रॉली नव्हती."

काकू स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत राहिल्या. एकदा उजवीकडे फिरवून पाहिलं, एकदा डावीकडे. "मंग शिकताना कसं न्हाय झालं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "तितं मागं मास्तरच घ्यायचा." मग त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "शेपूट न्हाय व्हय तिला. मी आपली नसलेली शेपूट वळवत बसले."

खाटेवरून तात्या हे सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील की बायकांची कारणं. त्यांनी गॉगल काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"बाबूची जीप," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"शेजारच्या बाबूची जीप मागून घेतली हुती मी, लग्नाच्या साली. मागं घेताना बाभळीवर घातली. आशीच. जायची हिकडं, ती गेली तिकडं."

काकू ट्रॅक्टरवरून उतरता उतरता थांबल्या. "तवा तर ब्रेक लागला न्हाय म्हनला हुता तुमी. आख्ख्या गावाला सांगितलं."

"मग काय सांगनार? सुगीभर ट्रॉली मागं घिऊन घिऊन हात उलटा झालता. त्ये मलाच कळलं न्हवतं, आज कळलं." तात्यांनी घसा साफ केला. "बाभळीवर घातली तवा कुनी मला म्हनलं न्हाय, की गाडी चालवू नको म्हनून."

हे शेवटचं ते कोणाला उद्देशून बोलले नाहीत. पण काकूंनी ऐकलं, मीही ऐकलं, आणि त्यानंतर पांढऱ्या गाडीचं नाव त्या घरात निघालं नाही. तात्या माझ्या मनातून उतरले होते, ते त्या एका वाक्याने परत चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चार विटा उभ्या करून आम्ही शिकवणी मांडली. काकू रिव्हर्स टाकायच्या आणि पुटपुटायच्या, "शेपूट न्हाय, शेपूट न्हाय." पहिल्यांदा वीट पडली, मग अर्ध्यात थांबल्या, मग जमलं. तात्या खाटेवरून ओरडत होते, "हौद न्हाय ना आला मधी?" अविनाश दुकानाला जाता जाता थांबला आणि हौदाच्या कोपऱ्यावर त्याने स्वतः लाल चिंधी बांधली. "काकू, मलाबी जरा मोकळीक हुईल," तो म्हणाला. खरं म्हणजे तोही दमला होता, हे आधी कोणी त्याला विचारलंच नव्हतं.

भिगवण

दुपारी काकूंनी भिगवणला जायचं काढलं. माझी गाडी त्या चालवत होत्या, शेजारी तात्या, मागे मी. तात्यांना लांबचं नीट दिसत नव्हतं, तरी ते सारखे "पुढं ट्रक हाय, पुढं ट्रक हाय" म्हणत होते, आणि पुढे कधी ट्रक असायचा, कधी कडब्याची गंजी. काकू दर वेळी "व्हय, बगितला" म्हणायच्या. संसार कसा चालतो, हे कोणाला बघायचं असेल तर त्याने नवराबायकोच्या मागच्या सीटवर बसावं.

हायवेला लागल्यावर आम्ही एका हॉटेलात चिलापी खाल्ली. मी समुद्राकाठची. गोड्या पाण्याचा मासा म्हणजे आमच्यात नाक मुरडायची गोष्ट. मी मुरडलंही. मग तिखट लावून तव्यावर कडक भाजलेला तुकडा तोंडात गेला आणि मी दुसरा मागवला. घरी सांगू नका. पलीकडे उजनीचं पाणी लांबवर पसरलेलं, इतकं की पलीकडचा काठ दिसू नये, आणि कडेच्या उथळ पाण्यात गुलाबी झाक असलेले रोहित पक्षी एका पायावर उभे. समुद्र बघून मोठी झालेली मी, तरी त्या शांत पाण्याने मला गप्प केलं.

काकूंची आई दारातच बसली होती, सुपात लसूण सोलत. गाडी थांबली तशी तिने कपाळावर हात धरून बघितलं आणि लेक माहेरी आली की जे विचारायची रीत आहे, ते विचारलं, "शाले, कुनासंगं आलीस?"

काकू स्टिअरिंगवरून नुकत्या उतरत होत्या. चावी हातात होती. मी मागे बसून वाट बघत होते, की आता सांगतील.

"ह्यांच्यासंगं," काकू म्हणाल्या. "आन् ह्या ताईंच्या."

म्हातारीने मला जवळ बोलावून माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "लेकीला घिऊन आलीस, बरं केलंस, बाई." माझ्या जिभेवर आलं होतं, की आजी, तिनेच आम्हाला आणलंय. पण तात्या तिथेच उभे होते आणि काकूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. तेवढ्यापुरती मी चिडलेही. परत येताना लक्षात आलं, की त्या दिवशी आम्ही कितीतरी वेळ बसलो होतो, लसूण सगळा सोलून झाला होता, आणि बाहेर कोणाचाही हॉर्न वाजला नव्हता.

मी चिपळूणला परतले. संदीपने काच बसवली आणि चार दिवस कामावर हसत होता. तात्यांनी छोटी गाडी घेतली. ती माझ्या शोरूमची नव्हती, बारामतीचीच. उंच नाही, पण टोपी छताला लागत नाही आणि पेंडीचं पोतं आडवं मावतं. गाडी विकणाऱ्या बाईने तीन दिवस घालवून एकही गाडी विकली नाही, असं आमचे मॅनेजर अजून म्हणतात.

परवा काकूंचा फोन आला. तात्यांना गावात मीटिंग होती, तेव्हा त्या एकट्याच भिगवणला गेल्या होत्या. दारात गाडी मागे घेऊन सावलीत लावली. आईने नेहमीसारखं विचारलं, कुनासंगं आलीस?

"म्या म्हनलं, कुनासंगं न्हाय. मीच आले."

"मग?"

"मग तिला वाटलं, मी मस्करी करतीया. सूप हातात घिऊनच उठली, गाडीला वळसा घालून पलीकडं गेली, दार उगडलं. रिकामी शीट बगितली. हात लावून बगितला शिटाला."

"काय म्हणाली?"

"काय न्हाय वो, ताई. सूप खाली ठिवलं, नीट पदर घेतला आन् त्या शिटावर बसली. म्हनली, चल मग, मलाबी कुटंतरी ने."